आपोआप पुढे सरकणारा फोटोंचा स्लाइड शो: ४०० फोटो कसे बसवावेत?

पाणवठा

नमस्कार मंडळी,

आमचा निसर्गनिरीक्षकांचा लहानसा गट आहे. वर्षभर आम्ही एकाच तळ्यावर जातो. पक्षी, कीटक, झाडं, पाण्याची पातळी यांच्या नोंदी ठेवतो. वर्षअखेरीच्या सभेतलं सादरीकरण यंदा माझ्याकडे आलंय आणि त्यासाठी मला दोन गोष्टी जमवायच्या आहेत.

पहिली: लोक येऊन स्थिरस्थावर होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढा वेळ पडद्यावर फोटो आपोआप बदलत राहावेत, शेवटचा झाला की पुन्हा पहिला. लॅपटॉपपाशी कुणाला बसवून ठेवायचं नाहीये.

दुसरी: तळ्याकाठच्या एका झाडाचे आम्ही दर आठवड्याला, एकाच दगडावर उभं राहून फोटो काढले. असे ५२ आहेत. आधी पानगळ, मग नुसत्या फांद्या, मग पालवी. मी बोलत असताना मध्येच एका स्लाइडवर हे ५२ फोटो एकामागोमाग यावेत, आणि ते संपले की मी नेहमीसारखी क्लिक करत पुढे जावं.

सात जणांचे मिळून चारशेच्या आसपास फोटो आहेत. फोनवरचे, कॅमेऱ्यावरचे, उभे, आडवे, सगळे एकाच फोल्डरमध्ये. दोन संध्याकाळी बसून एकेक फोटो घालत, लहानमोठा करत, मध्यभागी आणत ६० स्लाइड झाल्या. याच वेगाने गेले तर सभा उलटून जाईल. माझ्याकडे विंडोजवर पॉवरपॉइंट आहे. सभागृहातला लॅपटॉप मात्र वेगळा असेल, त्यावर काय आहे ते अजून कळलेलं नाही.

कुणी असं केलंय का? पायरीपायरीने सांगितलंत तर फार मदत होईल.

खटपट

पाणवठा, एकेक फोटो घालणं आधी थांबवा. हे काम पॉवरपॉइंट स्वतः करतं.

इन्सर्ट टॅबवर 'फोटो अल्बम' आहे, त्यात 'न्यू फोटो अल्बम'. एक खिडकी उघडेल. तिथे 'फाइल/डिस्क' बटण दाबून फोल्डर गाठा, कंट्रोल-ए दाबून सगळे फोटो निवडा आणि इन्सर्ट करा. खाली 'पिक्चर लेआउट' दिसेल: 'फिट टू स्लाइड' म्हणजे एका स्लाइडवर एकच फोटो, बसेल तेवढा मोठा. एका स्लाइडवर दोन किंवा चार फोटोही घेता येतात. यादीत फोटो वर-खाली सरकवता येतात, आडवा पडलेला फोटो तिथेच फिरवता येतो. 'क्रिएट' दाबलं की नवी फाइल तयार. पहिली शीर्षकाची स्लाइड ते आपल्या मनाने घालतं, ती काढून टाका. नंतर काही बदलायचं झालं तर त्याच जागी 'एडिट फोटो अल्बम' आहे, पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

आता वेळ. ट्रान्झिशन्स टॅबवर 'फेड' निवडा, ड्युरेशन १ सेकंद. उजवीकडे 'ॲडव्हान्स स्लाइड' खाली 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढा, 'आफ्टर'ला खूण करा आणि ६ सेकंद भरा. मग 'अप्लाय टू ऑल'. हे शेवटचं बटण राहून गेलं तर वेळ फक्त एकाच स्लाइडला लागते आणि शो दुसऱ्याच फोटोवर अडकून बसतो. या तक्रारीच्या दहांतल्या नऊ वेळा कारण हेच निघतं.

शेवटी स्लाइड शो टॅबवर 'सेट अप स्लाइड शो'. तिथे 'ब्राउज्ड ॲट अ किऑस्क' निवडा. मग शो एस्केप दाबेपर्यंत फिरत राहतो आणि कुणाचा माउसला धक्का लागला तरी पुढे पळत नाही.

फाइल 'पॉवरपॉइंट शो' या प्रकारात जतन केली की डबल क्लिकवर थेट पूर्ण पडद्यावर सुरू होते.

जुना प्रोजेक्टर

खटपट यांनी यंत्राची बाजू नीट सांगितली आहे. मी फोटोंच्या बाजूने थोडं सांगतो.

आम्ही पारदर्शिका दाखवायचो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा एकेक तुकडा, दोन इंची चौकोनी चौकटीत बसवलेला. कोडॅकच्या कॅरोसेल प्रोजेक्टरवर गोल तबक असायचं, नेहमीच्या तबकात ८० खाचा. तबक फिरत फिरत परत पहिल्या खाचेवर यायचं. आज आपण ज्याला लूप म्हणतो तो तिथे तबकाच्या आकारातच होता. दोन चित्रांच्या मध्ये पडदा क्षणभर काळा व्हायचा. तो टाळायला दोन प्रोजेक्टर शेजारी ठेवून एकाचा उजेड कमी करत दुसऱ्याचा वाढवायचा. तुमचं 'फेड' म्हणजे तेच. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं, माझा अजून चालतो.

हे सांगायचं कारण म्हणजे त्या ८० खाचा. तबकात जागाच तेवढी, म्हणून आम्ही दिव्याच्या पेटीवर पारदर्शिका पसरून निवडायला बसायचो. तुमचा हिशेब करून पाहा. एका फोटोला ६ सेकंद, बदलायला १ सेकंद, म्हणजे ७. चारशे फोटो दाखवायला २८०० सेकंद, म्हणजे ४६ मिनिटं ४० सेकंद. तुमच्याकडे फार तर वीस मिनिटं. निम्म्याहून जास्त फोटो कुणीच पाहणार नाही, आणि कुठले राहतील ते फाइलींच्या नावांवर ठरणार. ८० निवडलेत तर ९ मिनिटं २० सेकंदांत एक फेरी होते. वीस मिनिटांत दोन फेऱ्या, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही सगळे दिसतात.

फिरत राहणारा शो हा लोक थांबणार असतील त्याच्या निम्म्या वेळाचा असावा, असा माझा जुना ठोकताळा आहे.

पाणवठा

दोघांचेही मनापासून आभार. फोटो अल्बम करून पाहिला, ज्याला दोन संध्याकाळी गेल्या ते पाच मिनिटांत झालं!

निवडीचं पटलं, पण ते अवघड आहे. फोटो सात जणांचे आहेत आणि प्रत्येकाने पहाटे उठून, चिखलात बसून काढलेत. मी कुणाचे कापायचे?

जुना प्रोजेक्टर

तुम्ही कापूच नका. ज्याचे त्याला निवडू द्या. प्रत्येकाला सांगा, आपले १२ द्यायचे. सात बारे चौऱ्याऐंशी. फेरी ९ मिनिटं ४८ सेकंदांची होईल. माणूस स्वतःचे बारा निवडायला बसला की त्याला आपले फोटो वेगळेच दिसायला लागतात.

खिडकी

क्रमाचा प्रश्न येईलच, म्हणून आधीच लिहिते.

फोटोंना नुसते १, २, ३ असे आकडे देऊ नका. पुष्कळ ठिकाणी नावं अक्षरांप्रमाणे लावली जातात, मग १ नंतर १०, ११ येतात आणि २ मागे पडतो. ००१, ००२ असं तीन आकडी नाव द्या, म्हणजे कुठेही क्रम मोडत नाही.

तारखेवर विसंबायचं असेल तर कोणती तारीख ते पाहा. फाइल कॉपी केल्याची तारीख वेगळी आणि फोटो काढल्याची तारीख वेगळी. काढल्याची तारीख फोटोच्या आत, एक्झिफ माहितीत असते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रांतून ही माहिती निघून जाते आणि चित्रही दाबून लहान केलं जातं. सातही जणांना सांगा की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. कॅमेऱ्यांची घड्याळं जुळतात का तेही बघा. एकाचं तासभर पुढे असेल तर त्याच्या सूर्योदयाच्या आधी दुसऱ्याचा कोवळ्या उन्हातला बगळा येऊन उभा राहतो.

आयफोनवाले कुणी असतील तर त्यांचे फोटो एचईआयसी प्रकारातले असण्याची शक्यता आहे. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, नेहमीची मांडणी तीच आहे. जुन्या संगणकांवर ते उघडत नाहीत. सगळे जेपेग करून घ्या. इरफानव्ह्यू या मोफत प्रोग्रॅममध्ये पूर्ण फोल्डरचं रूपांतर, नाव बदलणं आणि आकार कमी करणं एकाच वेळी होतं.

आता आकार. पूर्ण एचडी पडदा १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २१ लाख बिंदू. फोनचा ४००० गुणिले ३००० चा फोटो म्हणजे सव्वा कोटीच्या जवळपास. पडद्याला जेवढे दिसतात त्याच्या जवळजवळ सहापट ओझं फाइल उगाच वाहते. उंची १०८० करून घेतलीत की पुरे.

उभ्या फोटोंचं वेगळं बघावं लागेल. ४:३ चा आडवा फोटो या पडद्यावर १४४० रुंद बसतो, दोन्ही बाजूंना २४०-२४० काळं राहतं. ते चालतं, डोळ्याला खुपत नाही. पडदा भरायचा म्हणून तो रुंदीला ताणलात तर उंचीचा पाव भाग कापला जातो, आणि पक्ष्याचं डोकं नेमकं तिथेच असतं. उभा फोटो मात्र फक्त ८१० रुंद बसतो. तो एकटा केविलवाणा दिसतो, पण दोन उभे शेजारी ठेवले तर १६२०. उरलेल्या ३०० चे तीन भाग: डावीकडे १००, मध्ये १००, उजवीकडे १००. उभे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि त्यांचा अल्बम 'दोन पिक्चर्स' मांडणीने करा. कुठला कुणाशेजारी ठेवायचा हे ठरवताना मजा येते. उडणारा आणि बसलेला एकच पक्षी शेजारी आला की पाहणारा आपोआप तुलना करतो.

खटपट

+१. आणि काही फोटो आडवे पडले तर घाबरू नका. फोन अनेकदा फोटो फिरवून साठवत नाही, 'हा फिरवून दाखवा' अशी फक्त खूण ठेवतो. काही प्रोग्रॅम ती खूण वाचतात, काही वाचत नाहीत. रूपांतर करताना ती खूण वाचून फोटो खराच फिरवून घेतला की पुढे कुठेही अडत नाही.

संथ

झाडाच्या ५२ फोटोंबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझ्या मते या धाग्यातली खरी गोष्ट ती आहे.

दगड एकच असला तरी हात दर वेळी थोडा वेगळा असतो. एक फोटो जरा डावीकडे, एक जरा वर. सुटे पाहताना कळत नाही, पण एकामागोमाग एक आले की झाड थरथरायला लागतं आणि लोक पानगळ सोडून ती थरथर पाहतात. म्हणून आधी जुळवणी.

एक फोटो प्रमाण धरा. त्यावर दुसरा ठेवा आणि त्याची पारदर्शकता ५० टक्के करा (नव्या आवृत्त्यांत 'पिक्चर फॉरमॅट' टॅबवर 'ट्रान्सपरन्सी' आहे). खोडाचा बुंधा आणि मागची एखादी न हलणारी गोष्ट एकमेकांवर येईपर्यंत तो सरकवा, लागलं तर किंचित लहानमोठा करा. मग पारदर्शकता शून्यावर आणा. फांद्या जुळवायला जाऊ नका, त्या वाढतात, खोडच धरा. सगळे झाले की चारही कडांनी थोडं कापून एकच चौकट करा आणि प्रत्येक फोटो सुटी चित्रफाइल म्हणून जतन करा. ५२ फोटोंना वेळ लागेल, पण चारशे स्लाइड हाताने करण्यात जो वेळ वाया जात होता तो इथे सत्कारणी लागेल.

फाइलींना 'आठवडा ०१', 'आठवडा ०२' अशी नावं द्या. अल्बममध्ये 'कॅप्शन्स बिलो ऑल पिक्चर्स' निवडलंत तर फाइलीचं नावच ओळ म्हणून खाली येतं, वेगळं टाइप करावं लागत नाही. 'फिट टू स्लाइड' असेल तर हा पर्याय दबलेला राहतो, तिथे 'वन पिक्चर' घ्या.

वेळ: अर्धा सेकंद 'फेड', अर्धा सेकंद स्थिर. ५२ आठवडे ५२ सेकंदांत.

आता हे भाषणात कसं आणायचं. सगळे फोटो एकाच स्लाइडवर एकावर एक रचून प्रत्येकाला 'आफ्टर प्रीव्हियस' ॲनिमेशन देता येतं. मी तसं एकदा केलं आहे. ॲनिमेशनच्या यादीत ५० ओळी होतात आणि मधला एक फोटो बदलायचा झाला की खालचा निवडताच येत नाही. त्यापेक्षा या ५२ स्लाइडची वेगळी फाइल ठेवा आणि तिचा व्हिडिओ करा: फाइल, एक्सपोर्ट, 'क्रिएट अ व्हिडिओ', फुल एचडी, ठरवलेल्या वेळा वापरा. तयार झालेला एमपी-४ तुमच्या भाषणाच्या स्लाइडवर इन्सर्ट करा. 'प्लेबॅक' टॅबवर 'स्टार्ट: ऑटोमॅटिकली'. संपल्यावर शेवटचं चित्र तिथेच थांबतं, तुम्ही बोलणं पुरं करा आणि पुढे जा.

शिरोरेखा

संथ यांची व्हिडिओची सूचना आणखी एका कारणासाठी उचलून धरते: देवनागरी.

सभागृहातल्या लॅपटॉपवर तुमचा फाँट नसेल तर पॉवरपॉइंट दुसरा घालतो. ओळी लांबतात, शब्द खाली घसरतात. फाँट जुना, युनिकोड नसलेला असेल तर थेट अगम्य खुणा दिसतात. 'फाइल, ऑप्शन्स, सेव्ह' इथे 'एम्बेड फाँट्स इन द फाइल' आहे, ते जरूर करा. पण व्हिडिओत अक्षरं चित्र होऊन बसतात, त्यांना कुठलाच लॅपटॉप हलवू शकत नाही.

ओळींबद्दल दोन विनंत्या. अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आणि 'बाय लेटर' ॲनिमेशन मराठीला लावू नका. काना, मात्रा, वेलांटी एकेक करून येताना पाहणं त्रासदायक असतं. फोटोवर थेट अक्षरं टाकायची तर खाली काळी, अर्धपारदर्शक पट्टी ठेवा. आकाशावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत.

वेगवान

एक वेगळं सुचवू का? पूर्ण भाषणच आपोआप सरकू द्या. पेचाकुचा नावाचा प्रकार आहे, २००३ मध्ये टोकियोत ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकारांनी सुरू केलेला. २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. क्लिक करायचंच नाही. मी तीन वेळा केलं आहे. काय बोलायचं नाही ते आधी ठरवावं लागतं आणि भाषणातली सगळी चरबी झडते. 'रिहर्स टायमिंग्ज' लावून सराव केला की अंगवळणी पडतं.

संथ

वेगवान, पेचाकुचाबद्दल आदर आहे, पण इथे नको. हा वर्षभराच्या नोंदींचा अहवाल आहे. लोक मध्येच विचारतील, 'हा कुठला पक्षी?' तेव्हा स्लाइड पुढे निघून जाता कामा नये. ज्या फोटोंवर बोलायचं नाही ते यंत्राने सरकवावेत, ज्यांवर बोलायचं आहे ते माणसाने.

वेगवान

हे मान्य. प्रश्नोत्तरं असतील तर माझी सूचना मागे.

ओलावा

एक कळकळीची विनंती. इतकी ट्रान्झिशन्स समोर दिसतात म्हणून प्रत्येक फोटोला वेगळं लावू नका. मला भोवळीचा त्रास आहे. फिरणारे, उसळणारे, चौकोन होऊन विखुरणारे फोटो मोठ्या पडद्यावर आले की मला मान खाली घालून बसावं लागतं. साधं 'फेड' सगळ्यांना सोसतं.

वेबवरच्या मजकुरासाठी सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात दोन नियम आहेत: आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त हलत राहणारी गोष्ट थांबवायची सोय असावी, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये. सभागृहालाही ते लावायला हरकत नाही. किऑस्क प्रकार लावलेला नसेल तर चालू शोमध्ये एस दाबलं की तो थांबतो, पुन्हा दाबलं की सुरू होतो. बी दाबलं की पडदा काळा. या दोन कळा तुमच्या गटातल्या आणखी एकाला शिकवून ठेवा.

नवखी

वाचतेय, खूप उपयोगी धागा. माझ्याकडे पॉवरपॉइंट नाही. बाकी कशात होतं का हे?

खटपट

होतं. लिबरऑफिस इम्प्रेस मोफत आहे. त्यात 'इन्सर्ट, मीडिया, फोटो अल्बम'. वेळ 'स्लाइड ट्रान्झिशन'च्या पट्टीत, आणि 'स्लाइड शो सेटिंग्ज'मध्ये 'लूप अँड रिपीट आफ्टर'. तिथे शून्य वेळ ठेवली की मध्ये विश्रांती न घेता लगेच पुन्हा सुरू. ॲपलच्या कीनोटमध्ये 'सेल्फ-प्लेइंग' हा प्रकार निवडायचा, सोबत 'लूप स्लाइडशो'.

गूगल स्लाइड्समध्ये शो सुरू केल्यावर खालच्या तीन टिंबांत 'ऑटो-प्ले' मिळतो. पण सगळ्या स्लाइडना वेळ सारखीच मिळते, आणि इंटरनेट गेलं तर अडचण. 'पब्लिश टू द वेब' वापरणार असाल तर दुवा ज्याच्या हाती पडेल तो फोटो पाहू शकतो हे लक्षात ठेवा. फोटोंत माणसं, विशेषतः मुलं असतील तर आधी विचारा.

कळफलक

ज्यांना हे दर महिन्याला करावं लागतं त्यांच्यासाठी. पीपीटीएक्स फाइल म्हणजे मुळात झिप असते. प्रत घेऊन तिच्या नावाचं शेपूट पीपीटीएक्सऐवजी झिप करा आणि उघडा. आत 'मीडिया' फोल्डरमध्ये तुमचे सगळे फोटो असतात, आणि 'स्लाइड्स' फोल्डरमध्ये प्रत्येक स्लाइडची एक एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणांनी बांधलेला साधा मजकूर. स्लाइड किती वेळाने सरकायची तो आकडा या मजकुरात मिलिसेकंदांत लिहिलेला सापडतो, ६००० म्हणजे ६ सेकंद.

त्यामुळे हे प्रोग्रॅमकडूनही करून घेता येतं. पायथॉनमध्ये पायथॉन-पीपीटीएक्स नावाची लायब्ररी आहे: फोल्डर वाचायचं, प्रत्येक फोटोला कोरी स्लाइड, फोटो मध्यभागी. वेळेसाठी तिच्यात तयार आज्ञा नाही, ते एक्सएमएल हाताने जोडावं लागतं. पॉवरपॉइंटच्या मॅक्रोत, म्हणजे त्याच्या आतच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, मात्र वेळही एका ओळीत देता येते. पाणवठा यांना एकदाच करायचं आहे, त्यांना फोटो अल्बम पुरे. कुणाला हवं असेल तर वेगळा धागा काढून पूर्ण मॅक्रो देतो.

पाणवठा

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आतापर्यंत झालेलं सांगते.

प्रत्येकाने आपापले १२ दिले. एकीने तर ९ च दिले आणि म्हणाली, बाकीचे तिचे तिलाच पुरेसे वाटत नाहीत. उभे फोटो जोडीने लावले. एका जोडीत गवतावरचा चतुर आणि त्याच गवतावर उरलेली त्याच्या अळीची कात शेजारी आली. दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या महिन्यांत काढलेले फोटो आहेत ते.

झाड जुळवायला चार संध्याकाळी लागल्या. संथ म्हणाले तसं फक्त खोड धरलं.

एक शंका: सुरुवातीचा फिरता शो वेगळ्या फाइलीत आहे. तो बंद करून भाषणाची फाइल उघडताना सगळ्यांना डेस्कटॉप दिसेल ना?

संथ

दिसेल. म्हणून त्याचाही व्हिडिओ करा आणि भाषणाच्या पहिल्या स्लाइडवर पूर्ण आकारात बसवा. 'स्टार्ट ऑटोमॅटिकली' आणि 'लूप अनटिल स्टॉप्ड'. वेळ झाली की रिमोटने किंवा बाणाच्या कळेने पुढे जा, भाषण सुरू. माउसने मात्र क्लिक करू नका, व्हिडिओवर क्लिक पडला की तो नुसता थांबतो. आणि दोन्ही एमपी-४ पेनड्राइव्हवर सुट्याही ठेवा. पॉवरपॉइंट नसलेल्या लॅपटॉपवरही त्या चालतील.

खटपट

लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवा, पडदा आपोआप बंद होण्याची वेळ काढून टाका, सूचना येणं बंद करा. तिथल्या प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी एकदा पाहता आलं तर पाहाच. घरच्या पडद्यावर दिसणारा सावलीतला पक्षी प्रोजेक्टरवर नाहीसा होतो.

पाणवठा

सभा काल झाली.

आदल्या दिवशी जाऊन पाहिलं ते बरं केलं. खटपट म्हणाले तेच घडत होतं, अकरा फोटो अंधारात बुडाले होते. रात्री ते उजळून व्हिडिओ पुन्हा केला. लॅपटॉपवर पॉवरपॉइंट होतं पण आमचा फाँट नव्हता. व्हिडिओतल्या ओळींना धक्का लागला नाही.

फिरता शो सुरू असताना लोक आपसांत बोलत होते, मग हळूहळू पडद्याकडे बघायला लागले. दुसऱ्या फेरीत चतुर आणि कात आली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी उठून जवळ येऊन पाहिलं.

झाडाच्या वेळी मी बोलायचं ठरवलं होतं, पण ५२ सेकंद गप्पच राहिले. ते संपल्यावर एका आजोबांनी विचारलं, 'अठ्ठाविसाव्या आठवड्याला डावीकडची फांदी कुठे गेली?' आमच्यापैकी कुणाच्याही ती लक्षात आली नव्हती. नोंदवहीतही नाही. मागे जाऊन दाखवायचं होतं, पण व्हिडिओत नेमकी जागा सापडेना, दोन-तीनदा पुढे-मागे करावं लागलं. यासाठी काही सोय आहे का? आता हेच सादरीकरण पुन्हा एका ठिकाणी करायचं आहे आणि तो प्रश्न परत येणारच.

संथ

आहे. व्हिडिओ निवडून 'प्लेबॅक' टॅबवर 'ॲड बुकमार्क'. हव्या त्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा आणि खूण टाकायची. शोमध्ये ऑल्ट-होम दाबलं की मागच्या खुणेवर, ऑल्ट-एंड दाबलं की पुढच्या. ऑल्ट-पी ने थांबतो आणि चालू होतो. सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा, दोन्हींवर खूण टाका.

पाणवठा

टाकल्या. २७ वर फांदी आहे, २८ वर नाही, आणि नीट पाहिलं तर २६ पासूनच तिची पानं पिवळी पडत होती. तिथेही एक खूण टाकली.